बाळाचे वर्ष आणि घरचे अंदाजपत्रक

साताऱ्याकडून जुना घाट उतरून पुण्यात शिरणाऱ्या प्रवाशाला शहराची चाहूल पहिल्यांदा जेथे लागते ते कात्रज. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास येथे तलाव बांधून त्याचे पाणी नळाने पेठांतील हौदांपर्यंत नेले, आणि पुढे दीर्घकाळ हे गाव त्या तळ्यासाठीच पुणेकरांना ठाऊक होते. आज त्या तळ्याभोवती आणि डोंगराच्या उतारावर इमारतींची दाटी झाली असून सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा अशा चहूदिशांनी नोकरीधंद्यासाठी आलेली कुटुंबे तेथे दोन-दोन खोल्यांत संसार थाटून राहिली आहेत. पगारातील मोठा हिस्सा घरभाड्यात किंवा कर्जाच्या हप्त्यात जातो. उरलेल्या रकमेत महिना निभावण्याची कला ही माणसे अवगत करून घेतात. आणि नेमक्या अशाच घरात, पाळण्यातील मूल भिंत धरून उभे राहू लागले की, पहिल्या वाढदिवसाचा प्रश्न येऊन ठाकतो.

हा प्रश्न एकटा येत नाही, ही त्याची खरी अडचण आहे. बारसे होते, उष्टावण होते, संक्रांत ते रथसप्तमी यांच्या दरम्यान काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून बोरन्हाण होते, कुलाचाराप्रमाणे जावळ निघते, आणि कुलदैवत जेजुरीचे असेल तर तळी भरण्यासाठी एक फेरी तिकडेही होते. प्रत्येक प्रसंगाला नातलगांची सरबराई, साडीचोळी आणि जाण्यायेण्याचे भाडे आहेच. तेव्हा वर्षाच्या अखेरीस जो समारंभ सर्वांत थाटाचा व्हावा अशी अपेक्षा असते, त्याच्या वाट्याला सर्वांत रिकामी तिजोरी येते. अशा वेळी कमानी, रोषणाई, कार्टूनचा पडदा, छायाचित्रकार, जादूगार आणि केक हे सारे एकाच रकमेत देऊ करणारे पॅकेजवाले पुढे येतात. लाल महालावरील १६६३ च्या छाप्यानंतर बैलांच्या शिंगांना पलिते बांधून ते कात्रजच्या घाटात सोडले, मोगली फौज त्या उजेडामागे धावली आणि शिवाजी महाराज सिंहगडाकडे निघून गेले, अशी आख्यायिका सांगतात. पॅकेजच्या रोषणाईमागे धावणाऱ्या पालकाची गत त्या फौजेहून निराळी नसते. त्याचे लक्ष कमानीवर खिळलेले असते आणि पैसा भलत्याच वाटेने निघून गेलेला असतो.

ती वाट म्हणजे पाहुण्यांची यादी. सजावटीत हजार-दोन हजारांची काटकसर करण्यासाठी लोक आठ दिवस डोके शिणवतात; परंतु ‘आणखी दोन घरे घालू’ असे म्हणताना कोणी क्षणभरही थांबत नाही. एका पानाचा खर्च २५० रुपये धरला तर १०० पाहुण्यांना २५,००० रुपये लागतात आणि ४० पाहुण्यांना १०,०००. म्हणजे केवळ यादी आखडती घेतल्याने १५,००० रुपये वाचतात, आणि एवढी बचत फुगे, पताका, केक, छायाचित्रे हे सर्व मुळीच न करताही साधेलच असे नाही. म्हणून ज्याला स्वस्तात समारंभ करावयाचा आहे त्याने बाजारात जाण्यापूर्वी वही काढून नावे लिहावीत, आणि बाळाला वर्षभरात ज्यांनी प्रत्यक्ष मांडीवर घेतले, न्हाऊमाखू घातले, त्याच्या तापात रात्री जागून काढल्या, त्यांच्यापासून आरंभ करावा. ही यादी सहसा पंचवीस-तीस माणसांच्या पुढे जात नाही. कचेरीतील सहकारी व जुन्या गल्लीतील शेजारी ह्यांना दुसऱ्या दिवशी पेढे पोचवले तर त्यांचा मान राहतो. खरे म्हणजे त्यांची एक सुट्टीही वाचते, आणि त्याबद्दल ते मनातून आभारीच असतात.

दिवस कोणता धरावा, हा वाद वडीलधारे उपस्थित करतात, आणि काटकसरीच्या दृष्टीने तो सोयीचाच ठरतो. तिथीने मोजलेले चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचे, त्यामुळे पहिला वाढदिवस तिथीने तारखेच्या सुमारे अकरा दिवस अगोदर येतो. मात्र मध्ये अधिक मास पडला तर ते वर्ष सुमारे ३८४ दिवसांचे होऊन तिथी तारखेनंतर अठरा-एकोणीस दिवसांनी उगवते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता आणि २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, तेव्हा त्या सुमाराच्या बाळांचा हिशेब असा उलटा लागतो. असे दोन वेगळे दिवस निघत असल्यावर दोन्हींची तजवीज निरनिराळी करावी: तिथीला घरच्या घरी धार्मिक विधी उरकावा, आणि पाहुण्यांसाठी तारखेजवळचा एखादा रविवार मुक्रर करावा. तारखेलाच पाहुणे बोलावण्याचा हट्ट धरल्यास ती तारीख कामाच्या दिवशी येते, आईबापांची रजा खर्ची पडते, आणि गावाकडच्या मंडळींना मुक्कामाला ठेवून घ्यावे लागते.

आपल्याकडील वाढदिवसाचा मूळ विधी इतका अल्पखर्चाचा आहे, की तो विस्मरणात का गेला याचे आश्चर्य वाटावे. अब्दपूर्तीला जन्मनक्षत्राचे, मार्कंडेयाचे आणि अश्वत्थामा, बली, व्यास, हनुमान, बिभीषण, कृपाचार्य व परशुराम ह्या सात चिरंजीवांचे पूजन करून गूळ व तीळ घातलेले दूध प्राशन करावे, एवढीच त्याची मुख्य सामग्री. पुरोहिताकरवी आयुष्यहोम करणारी घरेही आहेत. बौद्ध कुटुंबांत बुद्धवंदनेने दिवसाचा आरंभ होतो. आणि बहुसंख्य घरांत ह्यांपैकी काहीही न करता केवळ औक्षण होते. रांगोळी काढलेल्या पाटावर बाळाला आईच्या मांडीवर बसवावे, निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी आणि अक्षता यांनी ओवाळावे, आणि कापसासारखे पांढरे केस होईपर्यंत जगावे म्हणून त्याच्या डोक्याला कापूस लावावा. दुधासाठी तर कात्रजकरांना दूर जावयास नको, कारण पुणे जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची डेअरी त्यांच्या दारातच आहे, आणि पुणे जिल्ह्यातील असंख्य घरांत दुधाच्या पिशवीवर ह्या गावाचेच नाव येते.

औक्षणासंबंधी आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नोकरी करणाऱ्या आईच्या मागे दिवसभर मूल सांभाळणारी आजी पुष्कळ घरांत वैधव्यातील असते, आणि ओवाळण्याची वेळ आली की वर्षभर दुपटी धुणारी तीच स्त्री स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन उभी राहते. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ह्या गावाच्या ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात विधवांसंबंधीच्या अनिष्ट प्रथा बंद करण्याचा ठराव केला. जी गोष्ट एका खेड्याने ठरावाने केली ती शहरातील एका घराला ठरावावाचूनही करता येण्यासारखी आहे: पहिले औक्षण आजीने करावे. ह्याला एक पैही लागत नाही.

जागेसाठी मंगल कार्यालयाचे भाडे भरण्याचे काही कारण नाही. सोसायटीचे सभागृह, इमारतीची गच्ची किंवा जवळच्या देवळाचा सभामंडप हे पर्याय बहुतेकांना उपलब्ध असतात. चिटणिसांची लेखी परवानगी आधी घ्यावी, सतरंज्या व खुर्च्या कोणाकडे आहेत याची चौकशी करावी, आणि गच्ची ठरवली असेल तर कठडा उंच आहे ना, याची खातरजमा करावी, कारण पाहुण्यांबरोबर चार-पाच वर्षांची मुलेही येणार. पावसाळ्यात मात्र गच्चीचा विचार सोडावा. डोंगर जवळ असल्याने कात्रजला सर फार पूर्वसूचना देऊन येत नाही.

वेळेच्या बाबतीत आपण सत्कारमूर्तीला सर्वस्वी विसरतो. रात्री आठला केक कापण्याची प्रथा मोठ्यांच्या सोयीची आहे. वर्षाचे मूल त्या सुमारास झोपेने व्याकूळ झालेले असते. आठव्या-नवव्या महिन्यापासून परक्या माणसांना बिचकण्याची वृत्ती त्याच्या ठायी बळावलेली असते. त्यात टोचणारे जरीचे कपडे, ध्वनिवर्धकाचा घोष आणि प्रत्येकाने गाल ओढून उचलून घेण्याचा आग्रह यांची भर पडली, की ते ज्या स्वरात रडू लागते त्याला हट्ट म्हणणे हा अन्याय होय. सकाळची झोप झाल्यावर साडेदहा ते साडेबारा, किंवा दुपारची झोप झाल्यावर साडेचार ते साडेसहा, अशी मुदत पत्रिकेतच लिहून टाकावी. साडेचारच्या समारंभाला पूर्ण जेवणाऐवजी फराळ पुरतो, आणि त्यामुळे पानाचा खर्च निम्म्यावर येतो, हा त्यातील दुसरा लाभ.

फराळाचा बेत आपल्या रीतीचा ठेवावा. शिरा, इडली-चटणी किंवा बटाटेवडा, आणि सोबत मठ्ठा एवढ्यावर पुण्यात कोणी नाराज होऊन गेल्याचे ऐकिवात नाही. जेवण द्यावयाचे असेल तर मसालेभात, पुरी-भाजी, कोशिंबीर आणि श्रीखंड. दरडोई १०० ग्रॅम धरल्यास चाळीस माणसांना चार किलो श्रीखंड लागते, आणि ते डेअरीतून आणले तर करण्याचे श्रमही वाचतात. घरातील स्त्रियांवर चाळीस माणसांच्या पुऱ्या लाटण्याचे काम टाकून पैसे वाचवल्याचे समाधान मानणे मात्र मला मान्य नाही. पोळ्या-भाजी करून देणाऱ्या गृहिणी हल्ली प्रत्येक वस्तीत आहेत, त्यांना सांगावे आणि आईला त्या दिवशी नीट नेसून, बसून राहण्याची मुभा द्यावी. केक अर्ध्या किलोचा पुरे, तो कापण्यापुरताच असतो. मेणबत्ती फुंकण्याला वृद्धांचा आक्षेप असतो, दिवा विझवणे अशुभ म्हणून; बाळाला तर ती फुंकताच येत नाही, तेव्हा हा वाद आणखी दोन वर्षे लांबणीवर टाकता येतो.

बाळाचे पान मात्र वेगळे वाढावे. दोन वर्षे पुरी होईपर्यंत अन्नात वरून साखर घालू नये असे बालरोगतज्ज्ञ सांगतात, म्हणून केकवरचे साय-साखरेचे थर त्याच्या तोंडात कोंबण्याची हौस आवरावी. विधीचे गुळाचे दूधही ओठाला लावण्यापुरतेच असू द्यावे. तिथीचा वाढदिवस तारखेच्या आधी येत असेल तर पंचामृताबाबत विशेष दक्षता हवी, कारण त्यात मध असतो आणि बारा महिने पूर्ण होण्यापूर्वी मध देणे घातक ठरू शकते. मधातील जिवाणूंच्या बीजाणूंपासून कोवळ्या आतड्यात विष तयार होण्याचा धोका असतो. शेंगदाणे, अख्खे काजू, द्राक्षे हे घशात अडकणारे पदार्थ त्याच्या हाताच्या टप्प्यात नकोत. मऊ वरणभात, त्यावर तूप, आणि कुस्करलेले केळे: ह्याहून मोठी मेजवानी त्याला ठाऊक नाही.

सजावटीबद्दल थोडेच. कात्रजहून पीएमपीची बस धरून स्वारगेट गाठावे, तेथून मंडईमार्गे रविवार पेठेतील बोहरी आळीत शिरावे. पताका, कागदी झुंबरे आणि पत्रावळी-द्रोण तेथे घाऊक भावात मिळतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातील फुलबाजारातून झेंडू आणला तर त्याच्या माळांनी खोली भरून जाते. दसरा-दिवाळीच्या सुमारास मात्र तो महागतो. थर्मोकोलची अक्षरे व थाळ्या यांना महाराष्ट्रात २०१८ पासूनच मनाई आहे, आणि १ जुलै २०२२ पासून देशभर सजावटीचे थर्मोकोल व फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या यांवर बंदी आली. फुटलेल्या रबरी फुग्याचा तुकडा तोंडात गेल्यास मुलाचा श्वास कोंडतो. अमेरिकेत तर आठ वर्षांखालील मुलांसंबंधीचा इशारा फुग्यांच्या वेष्टनावर छापणे कायद्याने सक्तीचे आहे. कागदाची भिरभिरी फुग्यापेक्षा स्वस्त, आणि मुलाला अधिक प्रिय.

मुळीच समारंभ नको असे ज्यांना वाटते त्यांनी सकाळी औक्षण करून मुलाला राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात न्यावे. १९९९ साली सुरू झालेले हे संग्रहालय कात्रजकरांच्या हाकेच्या अंतरावर आहे. बुधवारी ते बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. मूल वाघाकडे ढुंकून पाहणार नाही आणि पिंजऱ्याबाहेरील कावळ्याला हात करील, ह्याची पालकांनी मनाची तयारी ठेवावी.

राहिला आहेराचा विषय. घरात चार टेडी अस्वले आणि तेवढ्याच वाजणाऱ्या मोटारी जमा होण्यापेक्षा जवळच्या नातलगांना मोकळेपणाने सांगावे, की देणारच असाल तर रोख द्या. मुलीच्या नावे टपाल कार्यालयात सुकन्या समृद्धी खाते वर्षाला किमान २५० रुपये भरून चालवता येते, आणि मुलासाठी सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे खाते ५०० रुपयांवर. अशा खात्याला जन्मदाखला लागतो, आणि येथे पहिल्या वाढदिवसाशी निगडित अशी एक सरकारी मुदत आहे, जिची आठवण फार थोड्यांना असते. जन्माची नोंद २१ दिवसांत होते, परंतु तोवर बारसे झालेले नसल्यास दाखल्यावर बाळाचे नाव कोरे राहते. हे नाव नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क भरून मिळते, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत ते विलंबशुल्क देऊन भरावे लागते. तेव्हा पताका आणि श्रीखंड यांच्या खरेदीला बाहेर पडण्यापूर्वी कपाटातील जन्मदाखला काढून नावाचा रकाना पाहावा, आणि तो कोरा असेल तर आधी महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात जावे.