विश्लेषण : शेवटचा भाग वाचून झाला, तरी गोष्ट संपत का नाही?

व्हेरॉनिका रॉथ यांची 'अॅलिजंट' ही कादंबरी २२ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेत प्रकाशित झाली. 'डायव्हर्जंट' मालिकेचा हा तिसरा आणि शेवटचा भाग. पहिल्याच दिवशी त्याच्या साडेचार लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि आठवडा उलटायच्या आत वाचक लेखिकेवर तुटून पडले. रॉथ यांना आपण असा शेवट का केला, याचा जाहीर खुलासा करावा लागला. पुढच्या काही वर्षांत त्याच मालिकेच्या आजूबाजूने छोट्या कथा येत राहिल्या. काही शेवटाच्या आधीच्या काळातल्या होत्या, एक नंतरच्या काळातली. किशोर आणि तरुण वाचकांसाठी लिहिल्या जाणाऱ्या, म्हणजे 'यंग अॅडल्ट' गटातल्या बहुतेक गाजलेल्या मालिकांचे असेच झाले आहे. शेवट येतो, वाद होतो आणि पाठोपाठ जोडकथा येतात. या जोडकथा वाचाव्यात का, कधी वाचाव्यात आणि त्यांनी मूळ शेवट बदलतो का? (पुढे अनेक मालिकांचे शेवट उघड केले आहेत. ज्यांचे वाचन अर्धवट आहे त्यांनी सांभाळून.)

'अॅलिजंट'मध्ये एवढे काय घडले?

नायिका ट्रिस मरते. मालिका तिची, पहिले दोन्ही भाग तिच्याच तोंडून सांगितलेले. तिसऱ्या भागात मात्र एक प्रकरण ट्रिसचे आणि एक टोबायसचे अशी रचना आली, तेव्हाच चाणाक्ष वाचकांच्या मनात पाल चुकचुकली होती. गोष्ट सांगणारीच मरणार असेल, तर पुढची पाने सांगायला कोणीतरी हवे. भावाच्या वाट्याला आलेली जीवघेणी कामगिरी ती स्वतःवर घेते, प्राणघातक द्रव्यातूनही वाचते आणि शेवटी गोळीला बळी पडते. रॉथ यांचे म्हणणे असे की, पहिल्या भागापासून ट्रिस आई-वडिलांच्या त्यागाचा अर्थ शोधत होती, त्या शोधाचे हे टोक आहे.

तर्क म्हणून हे पटते. पण हे पुस्तक हाती घेणारी बहुतेक मुले चौदा-पंधरा वर्षांची होती. त्यांनी ट्रिसबरोबर दोन-अडीच वर्षे काढली होती. मालिकेचा वाचक आणि एका कादंबरीचा वाचक यांच्यात फरक पडतो तो इथे. एक कादंबरी आठवड्यात संपते. मालिका मात्र दोन भागांमधल्या वर्षभराच्या रिकाम्या जागेत वाचकाच्या डोक्यात चालू असते. तो आपल्या मनाने शेवट रचतो, मैत्रिणींशी पैजा लावतो. त्यामुळे शेवटचा भाग येतो तेव्हा त्याची लढत वाचकांच्या मनातल्या हजारो शेवटांशी असते, आणि त्यात सगळ्यांचे समाधान करणे कोणालाच जमलेले नाही.

मग जोडकथा काय करतात?

रॉथ यांचे उदाहरण पुढे नेऊ. जुलै २०१४ मध्ये 'फोर' हा संग्रह आला. त्यात 'द ट्रान्सफर', 'द इनिशिएट', 'द सन' आणि 'द ट्रेटर' या चार कथा आणि काही सुटे प्रसंग आहेत, सगळे टोबायसच्या बाजूने सांगितलेले. रॉथ यांनी 'डायव्हर्जंट' लिहायला घेतली तीच मुळात टोबायसच्या निवेदनातून. काही पानांनंतर त्यांनी ती बाजूला ठेवली आणि ट्रिसचा आवाज सापडल्यावर कादंबरी पुढे सरकली. म्हणजे हा संग्रह एका अर्थाने टाकून दिलेल्या पहिल्या वाटेवर परत जाणे होते. 'अॅलिजंट' वाचून आलेल्या वाचकाला त्यात ट्रिस पुन्हा जिवंत भेटते, पहिल्यांदाच टोबायसच्या नजरेसमोर येते. शेवट तोच राहतो. पण तो माहीत असल्यामुळे साधा चाकूफेकीचा प्रसंगही वेगळा वाचला जातो.

यानंतरची कथा मात्र वाचकांना जड गेली. 'वी कॅन बी मेंडेड' ही छोटी कथा 'अॅलिजंट'नंतर पाच वर्षांनी घडते आणि त्यात टोबायस व ट्रिसची मैत्रीण क्रिस्टिना एकमेकांच्या जवळ येतात. ती सुरुवातीला मिळाली रॉथ यांच्या २०१७ मधल्या 'कार्व्ह द मार्क' या अगदी वेगळ्या कादंबरीची आगाऊ मागणी नोंदवणाऱ्यांना. दुःखातून माणूस सावरतो, हे सांगण्यात चूक काहीच नाही. पण ज्या मुलीच्या मृत्यूने वाचक हादरले होते, तिच्या पश्चात काय झाले याचे उत्तर दुसऱ्या पुस्तकाच्या विक्रीची भेटवस्तू म्हणून देणे, हे मला तरी खटकते.

दोन भागांच्या मध्ये या कथा का येतात?

सरळ कारण व्यापाराचे आहे. दोन कादंबऱ्यांमध्ये वर्ष-दीड वर्षाचे अंतर असते आणि या वयाचे वाचक तेवढ्या काळात दुसरीकडे वळू शकतात. ई-पुस्तकांनी त्यावर उपाय दिला. पन्नास-साठ पानांची कथा छापायची नाही, साठवायची नाही, किंमत अगदी कमी ठेवायची आणि तिच्या शेवटी पुढच्या कादंबरीची पहिली काही पाने जोडायची. 'डायव्हर्जंट'मधला एक प्रसंग टोबायसच्या नजरेतून सांगणारी 'फ्री फोर' २०१२ मध्ये अशीच आली, तर 'द ट्रान्सफर' ही कथा 'अॅलिजंट'च्या थोडी आधी. कॅसँड्रा क्लेअर यांनी दोन सहलेखिकांबरोबर 'द बेन क्रॉनिकल्स'च्या कथा २०१३ पासून महिन्याला एक अशा ई-पुस्तकांच्या रूपात आणल्या आणि नंतर त्यांचे छापील पुस्तक केले. वाचकांच्या याद्यांमध्ये दिसणारे अर्धा, दीड, अडीच असे मालिकांचे चमत्कारिक क्रमांक या कथांमुळेच आले.

पैसा हे एकच कारण धरले, तर मात्र अन्याय होईल. स्टेफनी मेयर यांची 'द शॉर्ट सेकंड लाइफ ऑफ ब्री टॅनर' ही लघुकादंबरी जून २०१० मध्ये आली, तेव्हा काही आठवडे ती संकेतस्थळावर फुकट वाचायला ठेवली होती आणि अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे एक डॉलर रेडक्रॉसला दिला गेला. ब्री ही 'एक्लिप्स'मध्ये जेमतेम काही पाने दिसून मारली जाणारी मुलगी. ती मरणार हे पहिल्या ओळीपासून माहीत असताना तिची गोष्ट वाचायची, हा अनुभव 'ट्वायलाइट'च्या मुख्य चार भागांपेक्षा मला अधिक भिडला. त्या मालिकेतली प्रेमकथा सगळे वाचवून शेवटाला पोहोचते. 'ब्रेकिंग डॉन'वर अनेकांचा आक्षेप हाच होता की, एवढी तयारी करून लढाई झालीच नाही. ब्रीला ती सवलत मिळत नाही.

हे खूळ आजचे की जुने?

वाटते त्यापेक्षा बरेच जुने. लुइझा मे अल्कॉट यांच्या 'लिटल विमेन'चा पहिला भाग १८६८ मध्ये आला आणि जोचे लग्न लॉरीशी लावा म्हणून मुलींची पत्रे येऊ लागली. अल्कॉटना जो अविवाहितच राहायला हवी होती. १८६९ च्या दुसऱ्या भागात त्यांनी तिचे लग्न लावले, पण लॉरीशी नाही, तर वयाने मोठ्या प्राध्यापक भेअर यांच्याशी. वाचकांचा हट्ट अर्धाच पुरवला. दीडशेहून अधिक वर्षे झाली, तो वाद चालूच आहे.

जोडकथांचे सर्वांत बोधक उदाहरण कॅनडाच्या ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांचे. 'अॅन ऑफ ग्रीन गेबल्स' १९०८ मध्ये गाजली. १९१२ मध्ये 'क्रॉनिकल्स ऑफ अॅव्हनली' हा कथासंग्रह आला. गाव तेच, पण अॅन बहुतेक कथांत नुसती येऊन-जाऊन. १९२० मध्ये जुन्या प्रकाशकाने, संबंध तुटलेले असताना, वगळलेल्या कथांचा दुसरा संग्रह लेखिकेच्या संमतीशिवाय काढला. माँटगोमेरी कोर्टात गेल्या, खटला वर्षानुवर्षे चालला आणि अखेर त्या जिंकल्या. अॅनच्या कुटुंबाभोवती फिरणाऱ्या कथा-कवितांचे त्यांचे शेवटचे हस्तलिखित प्रकाशकाकडे पोहोचले ते त्यांच्या मृत्यूच्या दिवशी, २४ एप्रिल १९४२ रोजी. त्यातला काही भाग कापून १९७४ मध्ये पुस्तक निघाले. संपूर्ण हस्तलिखित 'द ब्लाइथ्स आर कोटेड' या नावाने वाचकांच्या हाती पडायला २००९ साल उजाडले. दोन महायुद्धांची सावली असलेले हे पुस्तक अॅनच्या गोड जगाशी फटकून आहे. अॅनची अखेर कोणती मानायची, हे त्यानंतर नव्याने विचारावे लागले.

'हॅरी पॉटर'च्या शेवटाचे काय?

'डेथली हॅलोज' २१ जुलै २००७ रोजी आली. त्या शनिवारी सकाळी पुण्या-मुंबईतल्या पुस्तकांच्या दुकानांपुढेही रांगा होत्या. ब्रिटन आणि अमेरिकेत मिळून चोवीस तासांत जवळपास एक कोटी दहा लाख प्रती गेल्या. वाद झाला तो एकोणीस वर्षांनंतरच्या छोट्या उपसंहाराचा. सगळ्यांची लग्ने झाली, मुले झाली, मुलांना मेलेल्यांची नावे दिली. एवढ्या मृत्यूंनंतर हा शेवट फार नीटनेटका वाटतो, हा आक्षेप रास्त आहे. पण युद्धानंतर काही विशेष न घडलेली एकोणीस वर्षे मिळणे, हेच त्या मुलाला हवे होते, असेही वाचता येते.

त्याची जोडकथा वेगळ्या वाटेने आली. 'द टेल्स ऑफ बीडल द बार्ड' या पाच कथांच्या सात प्रती रोलिंग यांनी हाताने लिहिल्या. त्यातली एक डिसेंबर २००७ मध्ये लिलावात साडेएकोणीस लाख पौंडांना गेली आणि वर्षभराने छापील आवृत्ती मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या मदतीसाठी निघाली. यात हॅरी नाही. त्या जगातली मुले झोपताना ज्या गोष्टी ऐकत असतील, त्या गोष्टी आहेत. शेवटाला हात न लावणारी जोडकथा कशी असावी, याचा हा नमुना. पुढे जुलै २०१४ मध्ये रोलिंग यांनी रिटा स्कीटर या खवचट बातमीदाराच्या लेखणीतून तिशी ओलांडलेल्या हॅरीची खबर दिली, २०१६ मध्ये नाटक आले, अधूनमधून मुलाखतींतून खुलासे येत राहिले. लेखिकाच रोज नवी तळटीप जोडू लागली की शेवट शेवट राहत नाही.

फिलिप पुलमन यांचे वेगळेपण कशात?

'द अँबर स्पायग्लास' (२०००) या 'हिज डार्क मटेरिअल्स'च्या अखेरच्या भागात लायरा आणि विल जिवंत राहतात, पण दोघे दोन वेगळ्या विश्वांत कायमचे विभागले जातात. दरवर्षी एका ठरलेल्या दिवशी, भर दुपारी, आपापल्या ऑक्सफर्डमधल्या वनस्पती उद्यानात एकाच जागेवरच्या बाकावर बसायचे, एवढाच त्यांचा करार. ते उद्यान खरे आहे, बाकही आहे आणि तिथे येणारे वाचक त्यावर दोघांची नावे कोरून जातात. २०१९ मध्ये बाकामागे शिल्पही उभे राहिले. व्हिटब्रेड पुरस्कारांत वर्षातले सर्वोत्तम पुस्तक ठरलेले हे मुलांसाठीचे पहिले पुस्तक.

तीन वर्षांनी 'लायराज ऑक्सफर्ड' हे चिमुकले पुस्तक आले. एक कथा, सोबत घडीचा नकाशा, पोस्टकार्ड आणि काही कागद. विल त्यात येत नाही. लायरा मोठी होते आहे, जुन्या लढाईचे हिशेब अजून चुकते व्हायचे आहेत, एवढेच कळते. पुलमन यांनी विरह भरून काढला नाही, तो पंधरा वर्षांच्या मुलीच्या रोजच्या जगण्यात कसा मुरतो ते दाखवले. माझ्या मते या प्रकारातली ही सर्वांत सरस कथा.

वाचायचे कोणत्या क्रमाने?

कथा ज्या काळात घडते त्या क्रमाने वाचू नये, हा साधा नियम. 'द ट्रान्सफर' सर्वांत आधी घडते म्हणून आधी वाचली, तर फोर म्हणजे कोण हे पहिल्याच पानात कळते आणि 'डायव्हर्जंट'मधली मोठी उकल वाया जाते. 'हंगर गेम्स'चेही तसेच. 'द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स' (२०२०) चौसष्ट वर्षे आधी घडते. पण तिचा अठरा वर्षांचा नायक पुढे काय होणार हे ठाऊक असेल, तरच त्याचा प्रत्येक चांगुलपणा अंगावर येतो. 'सनराइज ऑन द रीपिंग' (२०२५) तर 'मॉकिंगजे' वाचल्याशिवाय उघडूच नये, कारण शेवटच्या काही पानांत त्यानंतरचा काळ डोकावतो. रिक रिऑर्डन यांची 'द डेमिगॉड फाइल्स' पर्सी जॅक्सनच्या चौथ्या आणि पाचव्या भागाच्या मध्ये, 'ब्री टॅनर' 'एक्लिप्स'नंतर. मरिसा मेयर यांच्या 'स्टार्स अबव्ह'मधल्या नऊ कथांपैकी शेवटची लग्नाची कथा 'विंटर' संपल्यावरच. थोडक्यात, ज्या क्रमाने प्रकाशित झाल्या त्या क्रमाने वाचले की सहसा फसगत होत नाही.

मराठी वाचकाला हे का नवे?

आपल्या मालिका मुळात अशा संपतच नाहीत. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे एका पुस्तकातून दुसऱ्यात सायकल दामटत जातो, पण त्याला शेवटचा भाग नाही. त्यामुळे तो गेल्याचे किंवा मोठा होऊन बदलल्याचे दुःखही नाही. 'हॅरी पॉटर' मराठीत आले आणि सात भागांत मोठा होत जाणारा नायक अनेक मुलांना पहिल्यांदा मातृभाषेत भेटला. जोडकथांची मात्र गोची होते. ई-पुस्तक म्हणून आलेल्या किंवा आगाऊ मागणीबरोबर वाटलेल्या कथा दुकानात सहज दिसत नाहीत, ग्रंथालयात तर त्याहून क्वचित. रस्त्यावरच्या स्वस्त प्रतींत मूळ भाग मिळतात, 'फोर'सारखा संग्रह नशिबानेच. शाळकरी मुलीने 'अॅलिजंट' संपवून पुस्तक भिंतीवर फेकले असेल, तर तिच्यासाठी 'फोर'ची छापील प्रत मागवावी, आणि त्यानंतरच्या कथेचे काय करायचे ते तिचे तिला ठरवू द्यावे.