उलट्या पाण्याचा पहारेकरी

नळाचे पाणी तोटीतून बादलीत पडते, हे लहान मूलही सांगेल. परंतु बादलीतले पाणी प्रसंगी तोटीच्याच वाटेने नळात परत जाते आणि शेजारच्या घरी पिण्याच्या भांड्यात उतरते, हे पुष्कळशा सुशिक्षितांनाही ठाऊक नसते. या उलट्या प्रवाहावर पहारा ठेवणे हा परदेशांत एक स्वतंत्र, परीक्षा देऊन मिळवावयाचा व्यवसाय आहे. त्या व्यवसायाची ओळख वाचकांना करून द्यावी, आणि आपल्या घरांशी त्याचा काय संबंध पोहोचतो तेही सांगावे, या हेतूने आम्ही हा लेख लिहीत आहोत.

पाणी उलटे का फिरते? ते नेहमी जास्त दाबाकडून कमी दाबाकडे धावते. शुद्ध-अशुद्ध हा भेद त्याला कळत नाही. उज्जैनच्या माधवनगराचेच उदाहरण घेऊ. शिंद्यांच्या माधवराव महाराजांचे नाव मिरविणारी ही वस्ती गावात फ्रीगंज म्हणूनच अधिक परिचित आहे. शहराला पाणी येते ते प्रामुख्याने गंभीर धरणातून, आणि तेही चोवीस तास नव्हे, ठरावीक वेळी. नळ आला की ज्याला त्याला घाई होते. कोणी जमिनीतला हौद भरतो, तर कोणी नळालाच थेट टुल्लू पंप जोडून पाणी गच्चीवरच्या टाकीत चढवितो. एका आळीत असे चार पंप एकदम सुरू झाले, की मुख्य वाहिनीतील दाब वातावरणाच्या दाबाहूनही खाली उतरू शकतो. मग ती वाहिनी पाणी द्यावयाचे सोडून ओढू लागते. कोणाची रबरी नळी भिजत घातलेल्या कपड्यांच्या टबात बुडालेली असेल, कोणाच्या हौदातली तोटी पाण्याखाली गेली असेल, तर तेथले पाणी ती शोषून घेते. गटाराशेजारून गेलेल्या वाहिनीचा सांधा सैल असेल, तर गटारातलेही घेते. पंप बंद होतात, दाब पूर्ववत होतो आणि आत आलेले ते पाणी पुढच्या घराकडे निघते.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. एखाद्या कारखान्याचा बॉयलर, रुग्णालयाचे यंत्र किंवा उंच इमारतीचा पंप यांतील दाब नळातील दाबाहून वाढला, तर तिकडचे पाणी ढकलले जाऊन सार्वजनिक वाहिनीत शिरते. पहिल्या प्रकारात पाणी ओढले जाते, दुसऱ्यात लोटले जाते, परिणाम एकच.

हे भय पुस्तकी नव्हे. १९३३ साली अमेरिकेतील शिकागो येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले होते. तेथील दोन हॉटेलांत जुन्या नळांच्या सदोष जोडण्यांमुळे मैलापाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले. सुमारे चौदाशे लोकांना आमांशाची बाधा झाली आणि ९८ जण दगावले. पाहुणे आपापल्या गावी परतल्यावर आजारी पडू लागले, त्यामुळे रोगाचे मूळ सापडावयासही वेळ लागला. पुढे १९६९ साली मॅसॅच्युसेट्स राज्यातील होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघात काविळीची साथ पसरली. जवळच लागलेली आग विझविण्यासाठी बंबवाल्यांनी भरमसाट पाणी ओढले, वाहिनीतील दाब पडला आणि मैदानावरच्या तुषारनळाच्या खड्ड्यातले दूषित पाणी खेळाडूंच्या पिण्याच्या नळात आले. ९७ पैकी ९० जणांना बाधा झाली व संघाला त्या हंगामाचे उरलेले सामने सोडून द्यावे लागले.

एवढ्या दूर तरी कशाला जावे? २०२५ च्या डिसेंबरअखेरीस, स्वच्छतेचा पहिला क्रमांक वर्षानुवर्षे मिळविणाऱ्या इंदूरच्या भागीरथपुरा भागात पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले आणि माणसे प्राणास मुकली. तेथे प्रश्न फुटक्या वाहिनीचा होता. परंतु शुद्ध व अशुद्ध पाणी यांमधला अडसर नाहीसा झाला की काय होते, हे त्या घटनेने आपल्या दाराशी येऊन सांगितले.

असा अडसर उभा करण्याचा सर्वांत साधा उपाय म्हणजे हवेचे अंतर. आपल्याकडे भांडे ओठांना न लावता पाणी वरून पिण्याची रीत आहे. भांडे उष्टे होऊ नये हा तिचा हेतू. तोटीचे तोंड टाकीच्या काठाहून वर ठेवावे, हा नळशास्त्रातला नियम म्हणजे तीच रीत होय. हे अंतर तोटीच्या व्यासाच्या दुप्पट आणि कमीत कमी एक इंच असावे, असे मानतात. मधे हवा असली की पाण्याला परत चढावयास वाटच राहत नाही.

जेथे असे अंतर ठेवणे शक्य नसते, तेथे झडपा बसवितात. एकामागे एक अशा दोन झडपांचे साधन कमी धोक्याच्या जागी चालते. रसायने किंवा रोगजंतू यांचे भय असेल तेथे दोन झडपांच्या मधोमध कमी दाबाचा एक कोठा व त्याला तिसरी, बाहेर उघडणारी झडप असते. आतली झडप दगा देऊ लागली की ही तिसरी उघडते आणि पाणी जमिनीवर सांडते. पाणी वाया गेलेले चालेल, पण मागे जाता कामा नये, असा हा हिशेब आहे.

परंतु झडप बसविली म्हणजे काम संपले असे नाही. स्प्रिंग थकते, रबर झिजते, वाळूचा एक कण फटीत अडकतो. आणि बाहेरून पाहणाऱ्याला सारे ठाकठीकच दिसते. म्हणूनच परीक्षक हवा. अमेरिकेत त्याला बॅकफ्लो टेस्टर म्हणतात. नळकामाचा काही वर्षांचा अनुभव, त्यावर साधारणतः चाळीस तासांचा वर्ग, मग लेखी व प्रात्यक्षिक परीक्षा, असा सामान्य क्रम असतो. नियम राज्यागणिक थोडे बदलतात. प्रमाणपत्र आयुष्यभराचे नसते. बहुधा तीन वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. प्रात्यक्षिकात उमेदवार दाबमापकाच्या रबरी नळ्या झडपेच्या तोट्यांना जोडतो, एकेक व्हॉल्व्ह ठरलेल्या क्रमाने बंद करतो आणि काट्यावर नजर ठेवतो. झडपेपुढच्या व कोठ्यातल्या दाबांतील फरक घटत घटत दर चौरस इंचास २ पौंडांपर्यंत येण्यापूर्वी बाहेरची झडप उघडलीच पाहिजे. न उघडली तर साधन नापास. त्याचे स्वतःचे मापकही दरवर्षी तपासून घ्यावे लागते. नंतर तो अहवालावर आकडे लिहून सही करतो. बागेत तुषारसिंचन असलेल्या आपल्या अमेरिकावासी मुलाबाळांना पाणीपुरवठा खात्याकडून वार्षिक तपासणीची जी सूचना येते, ती या सहीसाठीच. इंग्लंडमध्येही १९९९ च्या नियमांनी पाण्याचे धोक्यानुसार पाच वर्ग पाडले आहेत.

आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय बांधकाम संहितेने पिण्याच्या व अन्य पाण्याच्या वाहिन्या एकमेकींना जोडण्यास मनाई केली आहे आणि उलटा प्रवाह रोखण्याची व्यवस्थाही सांगितली आहे. नियम आहे, उणीव आहे ती तपासून सही करणाऱ्या हाताची. प्लंबरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकविला जातो. त्यापुढची, दाबमापक हाती घेऊन झडपेची परीक्षा करण्याची विद्या आपल्या गावोगाव रुजावयाची आहे. उज्जैनास तर तिची निकड अधिक. २०२८ च्या सिंहस्थात क्षिप्राकाठी लाखो यात्रेकरू येतील, तात्पुरत्या वाहिन्या अंथरल्या जातील. शिकागोप्रमाणे येथलाही पाहुणा घरी परतून आजारी पडला, तर त्याचे कारण कोण शोधणार?

येथे आमच्या समाजाला एक प्रश्न विचारावासा वाटतो. बृहन्महाराष्ट्रातील आपली घरे दप्तर, शाळा, बँक, कचेरी यांवर उभी राहिली. हाताला ग्रीस लागेल असे काम मुलाने पत्करावे, ही कल्पना आपल्याला अजून जड जाते. परंतु ज्या कामात भौतिकशास्त्र आहे, मोजमाप आहे, आणि ज्याच्या एका खोट्या आकड्याने आळीभर पोरे आजारी पडू शकतात, ते काम हलके कसे म्हणावे? वैद्य रोग झाल्यावर येतो; हा माणूस रोग होऊ नये म्हणून येतो. यंत्रांची आवड असलेल्या मुला-मुलींनी हा मार्ग धरला, तर त्यांना अडवू नये, एवढेच आमचे मागणे आहे.

तोवर घरच्या घरी करण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. हौद व टाकीतली तोटी काठाच्या वर आहे ना, हे आजच पाहावे. रबरी नळी बादलीत बुडवून ठेवू नये. शौचालयातील हातफवारा भांड्यात वा बादलीत लोंबत सोडू नये. पंप नळाला थेट न जोडता आधी पाणी हौदात घ्यावे व तेथून वर चढवावे. नळवाल्याला बोलावाल तेव्हा केवळ गळती थांबवून घेऊ नका. पाणी उलटे येण्याची वाट कोठे आहे, हेही त्याला विचारा. उत्तर देता आले, तर तो कारागीर जाणता समजावा. आणि त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये.