चुकलेली गोळी चित्रात कशी दिसेल?

'डॉक्टर हू' या ब्रिटिश मालिकेला पन्नास वर्षे झाली म्हणून 23 नोव्हेंबर 2013 रोजी एक खास भाग दाखवला गेला. त्यातला पेच लंडनच्या नॅशनल गॅलरीतल्या एका काल्पनिक चित्राभोवती फिरतो. गॅलिफ्रे ग्रहावरच्या आर्केडिया शहराचा पाडाव त्यात असा गोठवला आहे, की पाहणाऱ्याला आत शिरता यावे. चित्राची दोन नावे सांगितली जातात, 'नो मोअर' किंवा 'गॅलिफ्रे फॉल्स'. अखेर कळते, की नाव एकच आहे: 'गॅलिफ्रे फॉल्स नो मोअर'. ग्रह बुडालाच नाही. मात्र चित्रातला एक फटकाराही बदललेला नसतो. 'नाही' एवढे सांगायला त्या मालिकेलाही शब्दांचेच पाय धरावे लागले.

जयंत नारळीकरांनी 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा लिहिताना ही अडचण आधीच हेरली होती, असे मला वाटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात जातात, जिथे मराठ्यांनी पानिपत जिंकले आहे आणि मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी नांदते आहे. टाउन हॉलच्या ग्रंथालयात ते भाऊसाहेबांची बखर उघडतात, आझाद मैदानावरच्या सभेत फजिती करून घेतात, आणि परत येतात तेव्हा खिशात उरते बखरीचे एक फाटके पान. आपल्या इतिहासात पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली. त्या पानावर ती कानाजवळून निघून जाते. सारा इतिहास तिळाएवढ्या अंतराने वळलेला. या पानाच्या जागी चित्र असते तर? फैजाबाद शैलीतले, साधारण 1770 चे पानिपतचे एक चित्र ब्रिटिश लायब्ररीत आहे. तोफांच्या दोन कमानी समोरासमोर आग ओकताहेत, मधे धूर आणि कत्तल. देखणे आहे, पण त्या धुरात न लागलेली गोळी कुठे शोधायची? चित्रकार जे घडले ते रंगवतो. जे घडता घडता राहिले, ते वाक्यालाच धरता येते. करकंबसारख्या गावात शेताचा वाद निघाला तर कोणी बांधाचा फोटो पुढे करत नाही, उतारा काढतो. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर जमीन विकून मोकळ्या झालेल्या मालकाचे नाव खोडत नसत. त्याला कंस करत आणि फेरफाराचा क्रमांक टाकत. होता आणि आता नाही, दोन्ही एकाच रकान्यात. कागदावर अशी भिस्त असलेल्या वाचकांसाठी नारळीकर लिहीत होते.

यावर कोणी म्हणेल, की ही नंतर सुचलेली पंडिती आहे. शास्त्रज्ञ लेखकाने हाताशी आला तो पुरावा वापरला. तसे असते तर त्यांच्याच 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेतही एखादे पानच आले असते. तिथे प्रश्न डाव्या-उजव्याचा आहे, मोबियस पट्टीच्या पिळाचा, आणि तो डोळ्यांनीच दिसायला हवा. म्हणून तिथे मूर्ती आहे. वस्तू प्रश्न पाहून निवडलेली आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा. बखर कसली घेता पुराव्याला? इतिहासकार राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तो 1750 ते 1761 च्या अस्सल पत्रांचा, आणि बखरकारांची गय केली नाही. आक्षेप खरा आहे, पण तो गंगाधरपंतांना लागू होत नाही. 14 जानेवारी 1761 ला काय झाले, हे त्या पानाला सिद्ध करायचेच नाही. पंत कुठे जाऊन आले, एवढेच त्याने सांगायचे आहे. त्यासाठी बखर खरी असण्याची गरज नाही; छापलेली असावी आणि घरच्या प्रतीशी ताडून पाहता यावी, एवढे पुरे. शास्त्रज्ञ मित्र राजेंद्र देशपांडे आधी सगळे हसण्यावारी नेतो. मग पंत ते पान त्याच्या हातात देतात. तो वाचतो आणि त्याच्या चेहऱ्यावरचे हसू मावळते.