ट्रकची किंमत अठरा कोटी

डिसेंबर २०१३. लंडनच्या न्यू बाँड स्ट्रीटवर बॉनहॅम्सच्या लिलावात एका जुन्या ट्रकवर बोली चढत गेली आणि १६ लाख पौंडांवर हातोडा पडला. वर लिलावगृहाचं कमिशन: पहिल्या ५० हजारांवर १५ टक्के आणि उरलेल्या रकमेवर १२ टक्के, म्हणजे १ लाख ९३ हजार ५०० पौंड. एकूण १७ लाख ९३ हजार ५०० पौंड. तेव्हाच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये, त्यातले जवळजवळ दोन कोटी नुसत्या दलालीचे.

आपल्याकडे एवढ्या वयाचा ट्रक वजनकाट्यावर चढतो आणि किलोच्या भावात जातो. या ट्रकला अश्वशक्तीचा भाव लावून पाहू. इंजिन १०५ अश्वशक्तीचं. म्हणजे एका अश्वशक्तीला सुमारे १७ हजार पौंड, सतरा लाखांच्या वर रुपये!

हा ट्रक स्कॉटलंडच्या एकुरी एकॉस या रेसिंग संघाचा. संघाचं बस्तान एडिंबराच्या मर्चिस्टन म्यूज नावाच्या बोळातल्या गॅरेजात. तिथून निघून या मंडळींनी १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षं ल मॉंची २४ तासांची शर्यत मारली, तीही जॅग्वार डी-टाइप गाड्यांवर. १९५७ साली विजेत्या गाडीने एका दिवसात ४,३९७ किलोमीटर कापले, सरासरी वेग ताशी १८३. दुसरा नंबरही याच संघाचा.

एवढं नाव झाल्यावर चाहत्यांच्या संघटनेने पैसे जमवले आणि संघाला खास ट्रक बांधून दिला. सांगाडा कॉमर कंपनीचा, बॉडी फॉल्कर्कच्या वॉल्टर अलेक्झांडरची. हे मूळचे बस बांधणारे, म्हणून ट्रकच्या अंगावर बसचा डौल आहे. वरच्या मजल्यावर दोन गाड्या, खाली एक, शिवाय फिरता वर्कशॉप. ट्रक रस्त्यावर आला तो १९६० च्या सुमारास. गंमत अशी, की ल मॉं त्याआधीच जिंकून झालं होतं आणि पुन्हा कधी जिंकलं नाही. ज्या विजयांमुळे या ट्रकला अठरा कोटी मिळाले, त्यातला एकही त्याने घरी वाहून आणलेला नाही.

इंजिन मात्र खरोखर पाहण्यासारखं. सिलिंडर तीन, पिस्टन सहा! आडव्या सिलिंडरमध्ये दोन्ही टोकांनी पिस्टन एकमेकांवर धावून येतात आणि मधल्या फटीत डिझेल पेटतं. त्यामुळे वर सिलिंडर हेड नाही, व्हॉल्व्ह नाहीत. दोन्हीकडचा जोर रॉकरच्या दांड्यांनी खालच्या एकाच क्रँकशाफ्टवर उतरतो. टू-स्ट्रोक असल्याने आवाज कर्कश, त्यावरून इंग्लंडमध्ये याला ‘कॉमर नॉकर’ म्हणत. आकार ३.२६ लिटर. पाठीवरच्या एका डी-टाइपचं इंजिन ३.४ लिटरचं, साधारण २५० अश्वशक्तीचं. वाहणाऱ्याचं इंजिन वाहिल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा लहान, ताकद निम्म्याहून कमी, आणि लादायच्या अशा गाड्या तीन. एडिंबराहून ल मॉंला हजार किलोमीटरहून जास्त रस्ता, मध्ये खाडी. ड्रायव्हरच्या धीराला दाद द्यायला हवी.

मग एवढी किंमत का? माझ्या मते निम्मं उत्तर खेळण्यांच्या दुकानात आहे. कॉर्गी कंपनीने १९६१ मध्ये या ट्रकचं छोटं मॉडेल काढलं. ते हातात घेऊन जमिनीवर लोळलेली मुलं पन्नास वर्षांनी पैसेवाली झाली आणि लिलावात मागच्या खुर्च्यांवर येऊन बसली. त्या दिवशी संघाच्या सात गाड्या आणि हा ट्रक मिळून सुमारे ८८ लाख पौंडांना गेले. त्यातला पाचवा हिस्सा एकट्या हमालाचा.

उरलेलं उत्तर दुर्मीळपणाचं. रेसच्या गाड्या लोकांनी जपल्या, त्यांना वाहणारे ट्रक मोडीत घातले. मर्सिडीजचंच पाहा. १९५५ मध्ये कंपनीने एकच गाडी वाहणारा ‘ब्लू वंडर’ ट्रक बांधला. त्यात ३०० एसएल स्पोर्ट्स कारचं इंजिन, १९२ अश्वशक्ती, वेग ताशी १७०. गाडी बिघडली की ती स्टुटगार्टच्या कारखान्यात झटपट परत यावी, एवढ्यासाठी हा खटाटोप. त्याच वर्षी, त्याच रेसिंग विभागात तयार झालेली ३०० एसएलआर ऊलेनहाउट कूपे २०२२ मध्ये १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली, म्हणजे अकराशे कोटी रुपयांच्या घरात. ट्रक मात्र १९६७ मध्ये भंगारात निघाला. पुढे तो हवासा वाटला तेव्हा मर्सिडीजला जुने फोटो पाहून नवा बांधून घ्यावा लागला.