विहिरी अमेरिकेच्या, भाव जगाचा

सप्टेंबर २००८मध्ये मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरी रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते. मेरिलँडचे माजी नायब राज्यपाल मायकेल स्टील भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी तीन शब्दांची आरोळी ठोकली : ‘ड्रिल, बेबी, ड्रिल’. सभागृहाने ती उचलून धरली. महिन्याभराने उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांच्या जाहीर वादात जो बायडन यांनी ही घोषणा चुकीची उद्धृत केली, तेव्हा सेरा पेलिन यांनी त्यांना तिथल्या तिथे दुरुस्त केले. २० जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी शपथविधीनंतरच्या भाषणात हेच तीन शब्द पुन्हा उच्चारले.

या दोन प्रसंगांच्या दरम्यान अमेरिकेने खरोखरच खोदले. २००८मध्ये त्या देशाचे कच्च्या तेलाचे उत्पादन दिवसाला सुमारे ५० लाख पिंपे होते. २०२४मध्ये ते १ कोटी ३० लाखांच्या पुढे गेले. त्यामुळे ‘आपल्याच भूमीत खोदा म्हणजे पेट्रोल स्वस्त होईल’ हा दावा आता घडलेल्या इतिहासावर घासून पाहता येतो.

वादाची मुळे मात्र २००८च्या बरीच मागे जातात. २८ जानेवारी १९६९ रोजी कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या किनाऱ्यासमोर युनियन ऑइल कंपनीच्या विहिरीचा स्फोट झाला. तेलाने माखलेले पक्षी आणि काळे पडलेले किनारे लोकांनी घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहिले. पुढच्याच वर्षी पहिला वसुंधरा दिन साजरा झाला, त्यामागे या दृश्यांचाही वाटा होता. मग ऑक्टोबर १९७३मध्ये अरब देशांनी तेलबंदी पुकारली. तीन डॉलरच्या आसपासचे पिंप काही महिन्यांत बारा डॉलरच्या घरात गेले आणि पंपांवर रांगा लागल्या. किनारा काळा पडण्याची भीती आणि टाकी रिकामी राहण्याची भीती, या दोन्हींच्या ओढाताणीत अमेरिकेचे पुढचे तेलराजकारण घडले.

तेलबंदीच्या आधीच, १९७३च्या जुलैमध्ये, अलास्काच्या तेलवाहिनीवरचे न्यायालयीन अडथळे दूर करणाऱ्या दुरुस्तीवर सिनेटमध्ये ४९ विरुद्ध ४९ अशी कोंडी झाली. उपाध्यक्ष स्पायरो अॅग्न्यू यांच्या निर्णायक मताने ती सुटली. १९७७मध्ये त्या वाहिनीतून अलास्कातल्या प्रुडो बेचे तेल वाहू लागले. पण दोनच वर्षांनी इराणमध्ये क्रांती झाली आणि अमेरिकी पंपांवर पुन्हा रांगा लागल्या. घरचे नवे तेल बाजारात आलेले असतानाही भाव तेहरानमधल्या घडामोडींनी ठरवला. या वादातला हा पहिला मोठा धडा होता, पण त्याची आठवण कोणी फारशी ठेवली नाही.

पुढच्या दशकात पारडे किनाऱ्याच्या बाजूने झुकले. १९८१पासून अमेरिकी काँग्रेस दरवर्षी अर्थसंकल्पी विधेयकात कलम घालून सागरी क्षेत्राच्या मोठ्या भागात नव्या तेलपट्ट्यांना मनाई करू लागली. १९८९मध्ये ‘एक्झॉन वाल्डेझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आदळले आणि १९९०मध्ये थोरल्या बुश यांनी अध्यक्षीय आदेशाने बंदीवर दुसरे कुलूप लावले. अलास्काच्या ईशान्य टोकाच्या वन्यजीव अभयारण्यातली १५ लाख एकर किनारपट्टी १९८०च्या कायद्यानेच काँग्रेसच्या मंजुरीवाचून खोदायची नाही असे ठरले होते. पेट्रोल स्वस्त होते तोवर या कुलपांकडे सामान्य मतदाराचे लक्ष नव्हते.

ते लक्ष गेले २००८च्या उन्हाळ्यात. ११ जुलैला कच्च्या तेलाने १४७ डॉलरचा उच्चांक गाठला आणि पेट्रोलचा देशभरचा सरासरी भाव गॅलनला ४ डॉलर ११ सेंटवर पोचला. तेव्हाच्या विनिमय दराने हे लिटरला साधारण सत्तेचाळीस रुपये. मुंबईकर त्याच दिवसांत पन्नासहून जास्त मोजत होता. पण ज्या देशात दूध आणायलाही गाडी काढावी लागते आणि उपनगरात बस फिरकत नाही, तिथे तो भाव घरखर्च कोलमडवणारा होता. निवडणुकीचे वर्ष असल्याने प्रत्येकाने आपापला उतारा पुढे केला. जॉन मॅकेन आणि हिलरी क्लिंटन यांनी उन्हाळ्यापुरता गॅलनमागचा १८.४ सेंटचा केंद्रीय कर माफ करा म्हटले. मॅकेन यांनी सागरी खोदकामाला असलेला आपला जुना विरोधही सोडला. ओबामांनी टायरमध्ये पुरेशी हवा ठेवली तरी तेल वाचते असे सांगितले, तर विरोधकांनी हवा मोजण्याची यंत्रे वाटून त्यांची टर उडवली. १ ऑगस्टला प्रतिनिधिगृह सुट्टीसाठी तहकूब झाले, दिवे मालवले गेले, तरी रिपब्लिकन सदस्य अंधुक सभागृहात खोदकामाच्या बाजूने भाषणे ठोकत राहिले.

या गदारोळात सरकारच्याच ऊर्जा माहिती प्रशासनाचे आकडे झाकोळले गेले. सागरी बंदी उठवली तरी २०३०पूर्वी उत्पादनावर किंवा भावावर लक्षणीय परिणाम होणार नाही, असा त्याचा अंदाज होता. अलास्काचे अभयारण्य खुले केले तर २०२५च्या सुमारास पिंपामागे पाऊण डॉलरच्या आसपास फरक पडेल, असे त्याचे गणित सांगत होते. पट्टा लिलावात काढणे, भूकंपलहरींनी तळ तपासणे, चाचणी विहिरी, तराफे, नळ या सगळ्याला दहा-दहा वर्षे लागतात. मतदाराला मात्र उद्याच्या टाकीची चिंता होती.

१४ जुलैला धाकट्या बुश यांनी अध्यक्षीय बंदी उठवली आणि सप्टेंबरअखेर काँग्रेसनेही आपली मनाई संपू दिली. डिसेंबरअखेर पेट्रोल गॅलनला १ डॉलर ६१ सेंटवर आले. काहींनी याचे श्रेय बंदी उठवण्याला दिले. पण नव्याने खुल्या झालेल्या पाण्यात तोवर एकही विहीर खोदली गेली नव्हती. भाव पाडला तो आर्थिक मंदीने. कारखाने थंडावले, नोकऱ्या गेल्या, मागणी आटली.

३१ मार्च २०१० रोजी ओबामांनीच अटलांटिक किनाऱ्याचा काही भाग खुला करण्याची योजना जाहीर केली. तीन आठवड्यांत, २० एप्रिलला, मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तराफ्याचा स्फोट होऊन ११ कामगार मेले आणि विहीर ८७ दिवस समुद्रात तेल ओकत राहिली. योजना गुंडाळली गेली. सांता बार्बराची भीती पुन्हा जागी झाली.

दोन्ही पक्षांचे लक्ष समुद्राकडे आणि अलास्काकडे असताना खरी उलथापालथ टेक्सास आणि नॉर्थ डकोटाच्या माळरानांवर चालू होती. जॉर्ज मिचेल या हट्टी उद्योजकाच्या कंपनीने बार्नेटच्या शेल खडकातून वायू काढण्याचे तंत्र अनेक वर्षे खटपट करून साधले होते. खोल गेलेली विहीर आडवी वळवायची आणि पाणी, वाळू, रसायने प्रचंड दाबाने सोडून खडक फोडायचा, ही जोडगोळी मग तेलालाही लागू पडली. बॅकन, ईगल फोर्ड आणि पर्मियन खोऱ्यांतून तेलाचा लोंढा सुरू झाला. यातली बहुतेक जमीन खासगी किंवा राज्यांच्या मालकीची होती. ज्या बंद कुलपांवरून वॉशिंग्टनमध्ये डोकी फुटत होती, त्यांच्याशी या तेलाचा फारसा संबंधच नव्हता.

खोदकामाच्या विरोधकांचाही इथे मुखभंग झाला, हे नोंदवले पाहिजे. जगाच्या साठ्यातले तीन टक्के तेल आपल्याकडे आणि वापर पंचवीस टक्के, तेव्हा खोदून प्रश्न सुटणार नाही, असे ओबामा २००८मध्ये सांगत होते. साठ्याचा तो आकडा जुन्या तंत्राने काढता येणाऱ्या तेलाचा होता. तंत्र बदलले आणि आकडाही बदलला.

भावाचे काय झाले? २०१२पर्यंत उत्पादन झपाट्याने वाढत होते, तरी त्या वर्षीचा पेट्रोलचा सरासरी भाव गॅलनला साडेतीन डॉलरच्या वर राहिला. रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच त्या वर्षी अडीच डॉलरच्या पेट्रोलचे वचन देत फिरत होते. मग २०१४च्या उत्तरार्धात भाव घसरू लागला, नोव्हेंबरात तेल निर्यातदार देशांच्या ओपेक या संघटनेने उत्पादन कमी करायला नकार दिला आणि फेब्रुवारी २०१६मध्ये पिंप तीस डॉलरच्याही खाली गेले. या घसरणीत अमेरिकी शेलचा वाटा मोठा होता. खोदकामवाद्यांचे म्हणणे एवढ्यापुरते खरे ठरले. पण त्या भावात खोदणे परवडेना. अनेक शेल कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, खोदयंत्रे उभी राहिली. नंतर ओपेकने रशियाला बरोबर घेऊन उत्पादन आवळले आणि भाव पुन्हा चढला.

२०२०मध्ये या नाट्याचा सर्वांत विचित्र अंक रंगला. करोनाच्या टाळेबंदीत २० एप्रिलला अमेरिकी तेलाचा वायदा भाव उणे ३७ डॉलरवर गेला. साठवायला जागा नव्हती, म्हणून विकणारा घेणाऱ्यालाच पैसे देत होता. त्याच महिन्यात खोदकामाचे कैवारी अध्यक्ष ट्रम्प सौदी अरेबिया आणि रशियाला उत्पादन कमी करण्यासाठी गळ घालत होते, म्हणजे भाव वाढावा म्हणून खटपट करत होते. दोन वर्षांनी युक्रेन युद्धामुळे पेट्रोल पाच डॉलरवर गेले. त्या वेळी हवामानबदलाविरुद्ध लढण्याचे वचन देऊन आलेले बायडन तेलकंपन्यांना उत्पादन वाढवा म्हणून विनवत होते आणि राखीव साठ्यातली १८ कोटी पिंपे बाजारात सोडत होते. पुढच्याच वर्षी, त्यांच्याच कारकिर्दीत, अमेरिकेच्या उत्पादनाने आजवर कोणत्याही देशाने गाठला नव्हता असा उच्चांक गाठला.

आणि अलास्काचे ते अभयारण्य? २०१७च्या करकायद्याने अखेर ते खुले झाले. जानेवारी २०२१च्या लिलावात एकही बडी तेलकंपनी फिरकली नाही. बहुतेक पट्टे अलास्का राज्याच्याच एका संस्थेने घेतले. जानेवारी २०२५च्या दुसऱ्या लिलावात एकही बोली आली नाही. चाळीस वर्षे ज्या जमिनीसाठी भांडण झाले, ती खोदायला कोणी पुढे आले नाही, कारण हिशेब जमत नव्हता. मार्च २०२५मध्ये डॅलसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेने केलेल्या पाहणीत कंपन्यांनी सांगितले की नवी विहीर परवडायला पिंपाला सरासरी ६५ डॉलर भाव हवा. खोदल्याने भाव उतरतो हे अर्धे सत्य आहे. भाव चढला की खोदतात आणि उतरला की थांबतात, हा त्याचा उरलेला अर्धा भाग घोषणेत मावत नाही.

महाराष्ट्राला हे गणित अनोळखी नाही. १९७४मध्ये ‘सागर सम्राट’ने मुंबईच्या समुद्रात बॉम्बे हायचे तेल शोधले आणि १९७६पासून ते काढले जाऊ लागले. त्याने परकीय चलन वाचवले, उरणसारख्या गावांचा चेहरामोहरा बदलला. पण २०२२मध्ये जागतिक भाव भडकले तेव्हा देशी तेलालाही तोच चढा भाव मिळाला. म्हणून तर केंद्र सरकारने १ जुलैपासून त्यावर अतिरिक्त नफ्याचा कर बसवला. विहीर आपल्या समुद्रात होती, तरी मुंबईच्या स्कूटरस्वाराला त्या तेलामुळे पेट्रोल वेगळ्या भावाने मिळाले नाही.

तेल खोदावे की नाही, हा प्रश्न खोटा नाही. घरच्या तेलाने रोजगार मिळतो, आयातीचे बिल घटते, युद्धाच्या काळात हात बांधलेले राहत नाहीत. दुसऱ्या पारड्यात किनारे, भूजल आणि तापत चाललेली पृथ्वी आहे. हा हिशेब पंचवीस-तीस वर्षांचा आहे आणि तो त्याच मापाने मांडला पाहिजे. पंपावरच्या आजच्या आकड्याचा धाक दाखवून तो उरकणे ही अमेरिकेच्या दोन्ही पक्षांनी केलेली फसवणूक आहे. तेव्हा पुढच्या निवडणुकीत, तिथे किंवा इथे, कोणी नव्या विहिरींच्या नावाने स्वस्त पेट्रोलचे वचन दिले, तर त्याला एवढेच विचारा : पहिले पिंप कोणत्या वर्षी निघेल, एकूण किती निघतील आणि जग दिवसाला जी सुमारे १० कोटी पिंपे जाळते, त्यात त्यांनी किती फरक पडेल?