पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट : ज्युलिएट ते मिसेस मूर
ब्रिटिश अभिनेत्री पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट (१९०७–१९९१) यांनी १९२६मध्ये बर्मिंगहॅमच्या रेपर्टरी रंगभूमीवर, म्हणजे एकच नटसंच पाळीपाळीने निरनिराळी नाटके करतो अशा संस्थेत, पदार्पण केले. १९३०मध्ये पॉल रोब्सन यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डिमोना झाल्या, तर १९३५मध्ये गिलगुड आणि ऑलिव्हिए आलटूनपालटून रोमिओ साकारत असताना ज्युलिएट मात्र त्याच होत्या.

तथापि त्यांच्या सामर्थ्याची खरी कसोटी १९६३मध्ये स्ट्रॅटफर्डला लागली. शेक्सपिअरच्या चार ऐतिहासिक नाटकांची संक्षेपित नाट्यत्रयी असलेल्या ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’मध्ये पंचावन्नाव्या वर्षी त्यांनी राणी मार्गारेट उभी केली; नवतरुण राजकन्या, शत्रूच्या हाती त्याच्याच मुलाच्या रक्तात भिजलेला रुमाल देणारी सूडाने पेटलेली राणी आणि अखेरीस शापवाणी उच्चारणारी वृद्धा, हा एका आयुष्याचा पट एकाच अभिनेत्रीने पेलणे ही विसाव्या शतकातील ब्रिटिश रंगभूमीची असामान्य घटना मानली पाहिजे.

चित्रपट त्यांनी मोजकेच केले. डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टू इंडिया’तील (१९८४) मिसेस मूरसाठी त्यांना सत्त्याहत्तराव्या वर्षी सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले, आणि त्याच वर्षीच्या ‘द ज्युएल इन द क्राउन’ या भारतातील ब्रिटिश सत्तेच्या अखेरीवरील दूरचित्रवाणी मालिकेत त्यांनी एकाकी मिशनरी बार्बी बॅचलर तितक्याच ताकदीने रंगवली.