कमावती हंसा

हंसा वाडकर म्हटलं की आज बहुतेकांना 'भूमिका' आठवतो. श्याम बेनेगल यांचा १९७७ चा हा चित्रपट हंसाबाईंच्या आत्मकथनावर बेतलेला आणि त्यासाठी स्मिता पाटील यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. 'भूमिका' मोठाच चित्रपट आहे. पण त्याच्या सावलीत खुद्द हंसाबाईंचं पडद्यावरचं काम झाकून गेलं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जन्म १९२३, मुंबईचा. मूळचं नाव रतन साळगावकर. घरात गाण्याची परंपरा होती आणि पैशांची ओढाताणही. १९३६ साली 'विजयाची लग्ने' या चित्रपटात ही मुलगी कॅमेऱ्यासमोर उभी राहिली, तेव्हा तिचं वय होतं अवघं तेरा. घराण्याचं नाव पोस्टरवर नको म्हणून रतनची हंसा वाडकर झाली. नाव बदललं, पण घर चालवायची जबाबदारी तिच्याच अंगावर पडली, आणि पुढच्या साऱ्या आयुष्याची नाडी मला इथेच सापडते. जगन्नाथ बंदरकरांशी लग्न झाल्यावर चारचौघींसारखा संसार करावा, असं त्यांना फार वाटत होतं. तरीही काम सुटलं नाही. त्यांच्या मिळकतीवर घर उभं होतं, आणि त्या मिळकतीचे निर्णय मात्र दुसरेच घेत होते.

बॉम्बे टॉकीजचे 'नवजीवन' आणि 'दुर्गा' हे हिंदी चित्रपट करून त्या पुण्याला 'प्रभात'मध्ये आल्या. १९४१ चा 'संत सखू' तिथलाच. सासुरवास सोसणारी, विठ्ठलाच्या ओढीने व्याकूळ झालेली सखू त्यांनी साकारली. सहाच वर्षांनी 'राजकमल'च्या 'लोकशाहीर रामजोशी'त जयराम शिलेदारांसमोर त्या बया म्हणून उभ्या राहिल्या. गदिमांचं लेखन, वसंत देसाईंचं संगीत आणि फडावरची ही बाणेदार, रसरशीत बया! मराठी पडद्यावरच्या तमाशापटांची वाट या चित्रपटाने रुंद केली. त्यानंतर पुन्हा 'संत जनाबाई'. संतीण आणि तमासगिरीण ही तेव्हाच्या मराठी चित्रपटाची दोन टोकं; एकाच नटीने दोन्ही इतक्या सच्चेपणाने पेलल्याचं दुसरं उदाहरण मला चटकन सुचत नाही.

१९५९ मध्ये अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्याच्या विजयानंदमध्ये दोन वर्षांहून अधिक काळ चालला. त्यातल्या लावणीने जयश्री गडकर घरोघरी पोचल्या. हंसाबाईही त्यात होत्या, पण त्यांचा बहराचा काळ तोवर ओसरू लागला होता.

त्याच चित्रपटाचं नाव त्यांनी आपल्या आत्मकथनाला दिलं. त्या सांगत गेल्या, अरुण साधूंनी शब्दांकन केलं. आधी 'माणूस' साप्ताहिकातून आणि मग १९७० साली पुस्तकरूपाने ते वाचकांपुढे आलं. दारू, घर सोडून जाणं, मराठवाड्यातल्या एका गावी वाड्यात काढलेली कोंडलेली वर्षं, लेकीपासूनची ताटातूट हे सगळं त्यात आहे. लोकांनी त्यातली खळबळ तेवढी उचलली. मला मात्र त्यात कष्टकरी बाईचा जमाखर्च दिसतो: पैसा कोणी मिळवला, कोणाच्या हाती गेला, आणि मागितलेलं साधं घर शेवटपर्यंत का मिळालं नाही. त्या स्वतःला सोडत नाहीत, आणि गयावयाही करत नाहीत. पुस्तक निघालं त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७१ मध्ये, त्या गेल्या, वय अठ्ठेचाळीस. 'भूमिका' पाहणाऱ्याने 'संत सखू' आणि 'रामजोशी' शोधून पाहावेत, आणि मग हे पुस्तक पुन्हा उघडावं.